यिंगदीवहिनींचा जुना रस्सा

यिंगदीवहिनी भांडं उचलायच्या तेव्हा गुडघ्यांतून उचलायच्या, कमरेतून नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच मला वाटलं, ही बाई टिकेल. मी हान्कौच्या धक्क्यावर पोती वाहिली. ते काम सुटल्यावर गॅसच्या टाक्या जिन्यांवर चढवल्या. ओझ्याखाली माणूस कसा वाकतो यावरून त्याच्याबद्दल जेवढं कळतं, तेवढं मला पुरतं.

दायुआन गल्लीच्या तोंडाशी, किल्ल्या बनवणाऱ्याच्या शेजारी, त्यांचा गाडा होता. काचेची पेटी, लाकडाचा ठोकळा, सुरा आणि मागे शेगडीवर ते भांडं. बदकाच्या माना, पंख, डुकराचे कान, आतडी, उकडलेली अंडी, सगळं त्या भांड्यातल्या रश्श्यात शिजायचं आणि काळपट लाल होऊन बाहेर यायचं. माणसं सायकलवरून न उतरता, एक पाय फुटपाथवर टेकवून घ्यायची. कापलेल्या कानांची पुडी हँडलला अडकवून पुढे जायची.

त्यांचा नवरा यान शूगन. सूतगिरणी बंद पडली तेव्हा त्याने हा रस्सा लावला. हाडं, सोया सॉस, चक्रीफूल, दालचिनी, आलं, खडीसाखर. तेव्हापासून ते भांडं कधी रिकामं झालं नव्हतं. रोज थोडा रस्सा मांसाबरोबर जायचा, रोज तेवढं पाणी आणि नवी हाडं पडायची. विरजणातून विरजण लागतं तसं. जितका जुना, तितका चांगला. आमच्याकडे मुलीच्या सासरच्यांना घर दाखवतात तसा लोक जुना रस्सा दाखवतात.

पण त्याला राखावं लागतं. धंदा संपला की सगळं मांस बाहेर काढायचं, तवंग काढायचा, एक खळखळून उकळी आणायची आणि मग हात लावायचा नाही. झाकायचं नाही, झाकणाची वाफ खाली पडली की बिघडतो. वर फक्त वेताची चाळण. ढवळायचं नाही, भांडं हलवायचं नाही. उन्हाळ्यात दोनदा उकळायचं. एक उकळी चुकली की रस्सा मेला. मुलाच्या लग्नात दोघं जेवण अर्धवट टाकून रस्सा उकळायला घरी गेली होती. सुनेच्या माहेरचे अजून बोलतात.

आणि टोफू. सोयाबीनचं काहीही मुख्य भांड्यात घालायचं नाही. त्याने रस्सा आंबतो. टोफूच्या वड्या, समुद्री शेवाळ, कमळकाकडी यांच्यासाठी दोन ओगराळी रस्सा छोट्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात काढायचा, त्यात शिजवायचं आणि उरलेला टाकून द्यायचा. परत भांड्यात नाही. हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

दोघांच्या कामाची वाटणी होती. जाळ, सुरा, धुणं, उचलणं वहिनींचं. मीठ शूगनचं. रोज सकाळी तो चॉपस्टिकचं टोक रश्श्यात बुडवायचा, जिभेला लावायचा आणि गोणीतून मूठभर किंवा चिमूटभर मीठ टाकायचा. मी विचारायचो, "किती टाकलंस?" तो म्हणायचा, "मागितलं तेवढं." वहिनी म्हणायच्या, "मला विचारा भावजी, माझ्याकडे पैसे मागतो तेव्हा मोजून मागतो."

शूगन वसंतात गेला. स्टुलावर बसून अंडी सोलत होता, आणि डोकं काचेच्या पेटीला टेकलं. मी समोरच होतो. वहिनींनी आधी त्याच्या मांडीवरचं अंड्यांचं तसराळं उचलून बाजूला ठेवलं आणि मग त्याला धरलं. गल्लीत ते फार दिवस बोललं गेलं. नवरा पडला आणि हिने आधी अंडी सरकवली. मला त्यात बोलण्यासारखं काही दिसलं नाही. धक्क्यावर माझ्यापुढचा माणूस फळीवरून पडला तेव्हा मीही आधी पोतं खाली ठेवलं होतं. हातात असतं ते आधी खाली ठेवावं लागतं.

वहिनी रडल्या नाहीत. मेलेल्याच्या नावाने कागदी पैसे जाळायला हवेत म्हणून जाळले. दंडाला सुतकाची काळी पट्टी बांधून लोकांना चहा दिला. मधे उठून भांड्याखाली जाळ लावला, उकळी येईपर्यंत उभ्या राहिल्या, गॅस बंद केला आणि परत येऊन बसल्या. चौथ्या दिवशी गाडा उघडला. डुकराच्या कानांवरचे केस त्या वस्तऱ्याने काढत होत्या, एरवीसारखेच, आतल्या घडीतले सुद्धा. फक्त बोलणं कमी झालं. गिऱ्हाईक म्हणालं, "वहिनी, वाईट झालं," तर म्हणायच्या, "हो. तिखट घालू?"

एकदा टाकी बदलायला गेलो. टाक्यांचं काम सोडलं होतं, पण वहिनींची टाकी मीच बदलायचो. त्या म्हणाल्या,

"भावजी, तोंडाला चव नाही."

"ताप आहे?"

"नाही. काहीही खाल्लं तरी कापूस चावल्यासारखं लागतं. तो गेला त्या दिवसापासून."

"डॉक्टरला दाखवा."

"दाखवलं. जीभ बघितली, नाडी बघितली. म्हणाला, माणसांत बसा. म्हटलं, मी सकाळपासून रस्त्यावर बसते, आणखी किती माणसांत बसू?"

त्या मीठ कसं घालतात ते मी विचारलं नाही. त्याही बोलल्या नाहीत. चॉपस्टिक बुडवून जिभेला लावताना मी त्यांना पाहत होतो. मग गोणीत हात घालायच्या. चेहऱ्यावर काही नसायचं.

मुलगा यान लेई शेनझेनला असतो. दर रविवारी फोन करायचा. वहिनी फोन ठोकळ्यावर ठेवून कापत राहायच्या, त्यामुळे सगळ्या गल्लीला ऐकू यायचं.

"आई, आता पुरे. इथे ये. लिफ्ट आहे, एसी आहे."

"रस्सा आहे ना."

"रश्श्यासाठी कोणी मरतं का, आई? इथे पाकिटं मिळतात. पाण्यात टाकली की तयार."

"हं."

"हं काय? माणसाने भांड्यासाठी जगायचं?"

"तो असेपर्यंत राहते. मग बघू."

तो म्हणजे शूगन नव्हे. शूगन गेला होता. तो म्हणजे रस्सा. सगळ्या गल्लीला हे कळलं होतं. भांडं आहे तोवर यिंगदीवहिनी आहेत. भांडं गेलं की तिकडे कुठल्या तरी उंच मजल्यावर, सुनेच्या सोफ्याच्या एका कडेला बसून टीव्ही बघणार. सून वाईट नाही. पण तिथे त्यांना उचलायला काही नाही.

हान्कौचा उन्हाळा सुरू झाला होता. एका सकाळी मी नाश्त्याला बाहेर पडलो. आमच्याकडे नाश्ता घरी कोणी करत नाही. पाओच्या गाड्यावरच्या नूडल्स, तिळाच्या दाट लेपात कालवलेल्या, वर मुळ्याचं लोणचं, हातात कागदी वाटी घेऊन चालता चालता खायच्या. पाओ अंगाने जाड आहे. गल्ली त्याला जाड्या पाओच म्हणते. नूडल्सवर तो ओगराळ्याने रस्सा घालतो, आणि तो रस्सा रोज सकाळी वहिनींकडूनच डब्यात नेतो. त्या दिवशी तो रिकामा डबा घेऊन उभा होता.

"क्वांगकाका, जरा बघा बाबा. वहिनी बोलत नाहीयेत."

वहिनी भांड्यासमोर उभ्या होत्या. शेगडी बंद होती. तरी भांड्यात बुडबुडे येत होते. मधोमध पांढरा फेस होता आणि तो हळूहळू काठाकडे सरकत होता. जाळ नसताना उकळी. वास घ्यायला वाकावंही लागलं नाही.

मी ओगराळं तळाशी फिरवलं, तर टोफूच्या चार-पाच वड्या वर आल्या. भिजलेल्या, फुगलेल्या.

"कोणी घातल्या?" मी विचारलं.

"मी." वहिनी म्हणाल्या. "काल छोटं पातेलं धुऊन पालथं घातलेलं होतं. टोफू हातात होता. समोर भांडं होतं." मग म्हणाल्या, "बाकीच्या वड्या काढल्या आणि विकल्या. या खाली राहिल्या."

"आणि उकळी?"

"उकळी आणली. काल आणली, आज पहाटे आणली. टोफूवर उकळी काय करणार?"

त्यांचा आवाज भाजीचा भाव सांगताना असतो तसा होता. पाओने डबा दुसऱ्या हातात घेतला.

"हात धरा भावजी," वहिनी म्हणाल्या. "ओतून टाकू. लेईला सांगते, तिकीट काढ."

"थांबा," मी म्हटलं. "संध्याकाळपर्यंत थांबा."

"काय होणार संध्याकाळपर्यंत?"

"उन्हात ओझं उचलत नाही मी. संध्याकाळी ओतू."

हे खोटं होतं. मी सगळं आयुष्य उन्हातच ओझं उचललं. वहिनींना ते माहीत होतं. त्यांनी खांदे उडवले आणि काचेची पेटी पुसायला घेतली. ती पुसलेलीच होती.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. शूगन दर वर्षी नव्या वर्षाआधी गल्लीतल्या घरांना एकेक वाटी रस्सा द्यायचा. ज्यांच्या भिंतींना याच्या मसाल्याचा धूर लागतो, त्यांना. सणासाठी लोक त्यात आपली बदकं, डुकराचं मांस शिजवायचे. शेवटची वाटी यंदाच्या सणाची. तेव्हा शूगन होता. कोणाच्या तरी फ्रिजमध्ये गोठलेला तुकडा उरला असेल. वाटीभर जरी मिळाला तरी त्यातून भांडं उभं राहतं. नुसत्या पाण्यापासून लावायचं तर ज्याला रस्सा म्हणावं असं काही व्हायला वर्षं लागतात, आणि वहिनींकडे जीभ नव्हती.

मी आधी पाओलाच विचारलं.

"माझ्याकडे कुठला, काका? डब्यात उरतो तो रात्री ओततो. उन्हाळ्यात ठेवतं का कोणी? मलाच शूगनदादाने शिव्या घालून शिकवलंय." मग त्याने इकडेतिकडे पाहिलं. "एक सांगू? वहिनींना सांगू नका."

"काय?"

"गेले दोन महिने मी वर मीठ घालतोय. रस्सा अळणी येतो. कधी कधी खारट. किल्लीवाला म्हणाला, त्यालाही कळलंय. सगळ्यांना कळलंय."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

मी बोललो नव्हतो. मलाही कळलं होतं. मी नूडल्स संपवल्या, वाटी टोपलीत टाकली आणि स्टीलचा डबा घेऊन गल्लीत शिरलो.

आमची गल्ली अरुंद आहे. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून बांबू आडवे काढलेले, त्यावर कपडे. खाली चालताना चड्डीतलं पाणी मानेवर पडतं. पहिल्या दाराशी मुगाच्या पिठाच्या पोळ्या करणारी शांग बाई होती. मोठ्या तव्यावर पातळ पोळी, तिच्यावर अंडं, तिच्यावर चिकट भात, मग सगळं एका झटक्यात उलटायचं. तिचं मनगट चांगलं आहे. उलटताना ती बोलत नाही, म्हणून मी उलटेपर्यंत थांबलो.

"रस्सा? अहो दादा, तो सणालाच संपला. माझा नवरा वाटी चाटतो, फ्रिजमध्ये काय जाणार?"

"थोडासुद्धा नाही?"

"थोडासुद्धा ठेवला असता तर तो नवराच राहिला नसता." तिने पोळीचे तुकडे केले. "का? वहिनींना काय झालं?"

मी सांगितलं. तिने कालथा तव्यावर ठेवला.

"टोफू? वहिनींनी?"

"हो."

"अरे देवा," ती म्हणाली. आणि मग, "गिऱ्हाईक आहे हो, काय देऊ?"

मासेवाल्याकडे एक तुकडा निघाला. त्याने मोठ्या अभिमानाने फ्रीझरमधून काढून दाखवला. मी वास घेतला.

"यात कार्प शिजवलास?"

"मस्त झाला होता."

"मग हा आता माशाचा रस्सा आहे. ठेव."

"क्वांगकाका, तुमचं नाक म्हणजे पोलीसचौकी आहे."

न्हाव्याकडे नव्हता. शिंप्याकडे नव्हता. दुसऱ्या मजल्यावर एक म्हातारा भेटला, त्याने वर्षभर रस्सा ठेवणारी माणसं मूर्ख असतात असं म्हणून दार लावलं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईकडे बाटली होती, पण तिने त्यात समुद्री शेवाळ शिजवून उरलेलं परत ओतलं होतं. मी काही बोललो नाही. माणूस राबला असेल तर मी त्याची चूक सांगतो. जो राबतच नाही त्याला काय सांगणार?

गल्लीच्या शेवटी जिन्याखाली महजोंगचं टेबल लागतं. चार म्हाताऱ्या, चार पंखे, सोंगट्यांचा खडखडाट. मधे न्ये आजी. तिला मी सगळ्यात शेवटी ठेवलं होतं, कारण तिच्याकडे असणं शक्य नव्हतं. तिचं आणि शूगनचं वीस वर्षं भांडण होतं. याच्या चक्रीफुलाचा धूर तिच्या वाळत घातलेल्या गाद्यांना लागायचा. तिने गल्लीच्या समितीत तक्रार केली होती, एकदा नाही. एकदा बादलीभर पाणी वरून शेगडीवर ओतलं होतं. शूगनने भांडं वाचवलं आणि शेगडीच्या वाफेने पाठ भाजून घेतली.

"कोण रे, हमाल का?" आजी मान वर न करता म्हणाली. "टाकी नकोय मला."

"टाकी नाही आजी. रस्सा विचारतोय. शूगनचा."

टेबलावरच्या बाकीच्या तिघी थांबल्या.

"माझ्याकडे? त्याचा?" आजीने एक सोंगटी आपटली. "मी त्याच्या धुराने वीस वर्षं खोकले. माझ्या गाद्यांना आजपर्यंत बदकाचा वास येतो. माझ्या घरात त्याचा रस्सा?"

"नाही ना. बरं."

"बरं काय बरं? मी भांडते म्हणून सगळे मलाच विचारायला शेवटी येतात. नावडतीचं मीठ अळणी." तिने सोंगट्या पुढे ढकलल्या. "घ्या. जिंकले मी. द्या पैसे. आणि तू चल वर. हात धर, जिना उंच आहे."

मी तिचा हात धरला. ती हलकी होती, आणि रेलत नव्हती. प्रत्येक पायरीवर पूर्ण पाय टेकायची. वर गेल्यावर तिने फ्रीझर उघडला. वरच्या खणात मोमो, खाली गोठलेली फरसबी, त्याच्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली लोणच्याची काचेची बरणी. तिने ती माझ्या हातात दिली. कागद चिकटला होता. आत काळपट लाल गोठलेलं होतं, वर चरबीचा पांढरा थर.

"हे सणाचंच?"

"यंदाचं. सणाला घरी आलेल्या आपल्या सुनेच्या हाती पाठवला होता त्याने. दर वर्षी पाठवायचा. भांडला त्या वर्षीही."

"तुम्ही वापरला नाही?"

"मी डुकराचे कान खाते का? दात दाखवू तुला?"

"मग ठेवला कशाला?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी धक्क्यावर नवा आलेलो असताना मुकादम पाहायचा.

"टाकणार कसा? जुना रस्सा टाकतात का?"

मी बरणी डब्यात ठेवली. खाली येताना तिचा हात धरायला थांबलो तर म्हणाली, "जा जा, वितळेल. मी उतरते. पडले तर तुला हाक मारीन, तू टाकी उचलायचास तशी मला उचल."

वहिनींनी बरणी पाहिली. कागद सोडवला, चरबीच्या थरावर बोट दाबलं.

"न्ये आजींकडे?"

"हो."

"हं," त्या म्हणाल्या. एवढंच. मग भांड्याकडे वळल्या. "आधी हे रिकामं करायला हवं."

आम्ही भांड्याच्या कानांतून बांबू घातला. पुढे मी, मागे वहिनी. भांडं भरलेलं होतं आणि रस्सा हेलकावत होता. असं ओझं पावलं जुळवून न्यावं लागतं, नाहीतर एकाच्या मांडीवर सांडतं. आम्हाला जुळवावं लागलं नाही. किल्लीवाल्याने मशीन बंद केलं. पाओने आपला गाडा आत ओढून वाट दिली. जुना रस्सा टाकायला नेताना पाहिलं की काय म्हणायचं हे आमच्याकडे कोणी ठरवलेलं नाही, कारण तसं कोणी करत नाही.

"कुठे?" मी विचारलं. "झाडापाशी?"

"मिठाने झाड मरेल. गटारात."

"गटारात?"

"दुसरं कुठे, भावजी?"

आम्ही कोपऱ्यावरच्या जाळीपाशी भांडं टेकवलं आणि तिरपं केलं. रस्सा गेला. आधी फेस, मग लाल, मग काळा गाळ, मग त्या टोफूच्या वड्या जाळीवर अडकल्या. मी वहिनींकडे पाहिलं. त्या पाहत नव्हत्या. चपलेच्या टोकाने वड्या बाजूला करत होत्या, पाणी तुंबू नये म्हणून. मग त्यांनी भांडं नळाखाली नेलं आणि राख लावून घासलं. आतून तळ पाहिला. तो कोणीच आजवर पाहिला नव्हता. तळावर गिरणीच्या कँटीनचा शिक्का होता. शूगनने भांडं कुठून आणलं हे तेव्हा कळलं. वहिनींनाही.

"चोर," त्या म्हणाल्या. शूगन गेल्यानंतर त्यांनी त्याच्याबद्दल काही म्हणावं, असं मी पहिल्यांदाच ऐकलं.

पाओने डुकराची हाडं आणून दिली, शांग बाईने आलं. वहिनींनी हाडं पाण्यात एकदा उकळून ते पाणी टाकलं, हाडं धुतली, पुन्हा पाण्यात घातली. घाईचं एकही पाऊल टाकलं नाही. मसाल्याची नवी पुरचुंडी बांधली, गाठ दाताने आवळली. पाणी थोडं आटलं तेव्हा बरणी कोमट पाण्यात ठेवली आणि गोळा सुटल्यावर भांड्यात सोडला. तो तरंगला, फिरला आणि विरघळला.

बराच वेळ काही वास आला नाही. मग आला. किल्लीवाला मशीन थांबवून मान वर करून बसला. वरच्या खिडकीतून न्ये आजीचा खोकला ऐकू आला, आणि तिने खिडकी धाडकन लावली.

वहिनींनी चॉपस्टिक बुडवली, जिभेला लावली. उभ्या राहिल्या. मग दुसऱ्या टोकाने बुडवून ती माझ्यापुढे धरली.

"तुम्ही बघा."

"मी कशाला? मी हमाल माणूस."

"पाओ मीठ घालतो वरून. मला दिसतं. किल्लीवाला सोया सॉसची बाटली खिशात घेऊन येतो. सगळे गप्प." त्यांनी चॉपस्टिक खाली घेतली नाही. "आता कोणीतरी बोला. नाहीतर मी शेनझेनला जाते."

मी जिभेला लावलं. आलं कळलं, चक्रीफूल कळलं. त्याच्यामागे कुठेतरी तो जुना जडपणा होता, पण पाण्यात हरवलेला.

"अळणी," मी म्हटलं.

"किती?"

"मूठ."

त्यांनी मूठभर घातलं. ढवळलं. थांबल्या. मी पुन्हा चाखलं.

"अजून?"

"अर्धी."

"अर्धी कोणाची? तुमची की माझी?"

"शूगनची."

त्यांनी स्वतःच्या मुठीकडे पाहिलं, थोडं मीठ परत गोणीत सोडलं आणि उरलेलं टाकलं. मी चाखलं. मान हलवली. वहिनींनी पुन्हा आपल्या जिभेला लावून पाहिलं. मी विचारलं, लागतं का काही. "नाही," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी विक्री झाली नाही. नव्या रश्श्यात पहिल्या दिवशी फक्त हाडं आणि चरबीचं मांस शिजवतात, त्याला अंग यावं म्हणून. ते मांस वहिनींनी गल्लीत वाटून टाकलं. संध्याकाळी लेईचा फोन आला. कोणीतरी त्याला कळवलं होतं.

"आई, भांडं ओतलं म्हणे. मग काढू तिकीट?"

वहिनी तवंग काढत होत्या. "नको."

"आता काय राहिलंय तिथे?"

"वाटीभर मिळाला."

"वाटीभरासाठी?"

"लेई, उकळी आलीय. बंद करते," त्या म्हणाल्या, आणि फोन बंद करून गॅसकडे वळल्या.

उकळी आणून त्यांनी चाळण ठेवली. मग छोटं पातेलं काढून भांड्याच्या शेजारच्या खिळ्याला टांगलं, हात आपसूक आधी त्यावरच जाईल असं. खिळा ठोकायला मी मदत केली नाही. त्यांनी तीन घावांत ठोकला. सरळ गेला.

चार दिवसांनी त्यांनी न्ये आजीची बरणी धुऊन, पुसून, रस्सा भरून माझ्या हातात दिली.

"खायला नाही म्हणावं. ठेवायला."

आजीने बरणी दाराच्या फटीतून घेतली.

"अजून धूर करतेच आहे का ती?"

"करते."

"तिला सांग, गाद्या मंगळवारी घालते मी. मंगळवारी मसाला कमी कर म्हणावं." दार लागलं. मग फ्रीझरचं दार उघडल्याचा आवाज आला.

आता रोज सकाळी नूडल्सच्या आधी मी गाड्यापाशी उभा राहतो. वहिनी चॉपस्टिक पुढे करतात. मी चाखतो आणि म्हणतो, कमी, किंवा जास्त, किंवा पुरे. त्यांची जीभ परत आलेली नाही. एकदा लोणचं खाताना त्या थांबल्या, मला वाटलं काहीतरी कळलं. दाढेत बडीशेप अडकली होती.

काल मी "कमी" म्हटलं.

"किती?"

"चिमूट."

त्यांनी चिमूट घातली, ढवळलं, आणि गिऱ्हाइकाकडे वळल्या. सायकलवरचा माणूस होता, एक पाय फुटपाथवर.

"कान आहेत?"

"आहेत. तिखट घालू?"